गिटारच्या तारा किती दिवसांनी बदलाव्यात?

गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांची एक तक्रार सर्वत्र सारखीच असते. वाद्य सुरात लावले तरी ते सुरात वाजत नाही. मोकळी तार बरोबर बोलते; परंतु हात बाराव्या पडद्यापर्यंत गेला की सूर किंचित चढलेला अथवा उतरलेला जाणवतो. अशा वेळी विद्यार्थी स्वतःच्या कानाला दोष देतो, पालक वाद्याला दोष देतात आणि काही महिन्यांनी गिटार कपाटावर जाऊन पडते. अनेकदा खरे कारण अगदी साधे असते. दुकानातून आणलेल्या दिवशी गिटारवर ज्या तारा होत्या, त्याच आजही तिच्यावर असतात.

गिटारचे लाकूड योग्य निगा राखल्यास पिढ्यानुपिढ्या टिकते. तारांचे आयुष्य मात्र मर्यादित असते आणि त्या बदलण्यासाठीच असतात. त्या किती दिवसांनी बदलाव्यात, या प्रश्नाचे वादकांमध्ये रूढ असलेले उत्तर असे आहे: शंभर तासांचे वादन अथवा तीन महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा. रोज तासभर सराव करणाऱ्याचे हे दोन्ही हिशेब जवळजवळ एकाच वेळी पूर्ण होतात. रोज तीन-चार तास वाजवणाऱ्यास महिन्याभरातच नव्या तारा लागतात. व्यावसायिक वादकांपैकी अनेक जण तर प्रत्येक मोठ्या कार्यक्रमापूर्वी किंवा ध्वनिमुद्रणापूर्वी तारा बदलतात.

तार निकामी का होते?

ताणलेल्या तारेचा स्वर तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिचे दर एकक लांबीचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांनी १६३६ मध्ये हे नियम ग्रंथरूपाने मांडले. तार शुद्ध बोलण्यासाठी तिची जाडी व वजन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखे असणे आवश्यक असते. नव्या तारेत ही समानता असते. वापराने ती हळूहळू नष्ट होते.

याची प्रमुख कारणे तीन आहेत. पहिले कारण म्हणजे हाताचा घाम, त्वचेवरील तेलकटपणा व मृत त्वचेचे कण. जाड तारांमध्ये मधल्या गाभ्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. तिच्या वेढ्यांमध्ये हा मळ साचतो. तो सर्वत्र सारखा साचत नसल्याने तारेचे वजन कुठे कमी, कुठे अधिक होते. शिवाय वरच्या पट्टीतील सूक्ष्म स्वर दबले जातात आणि नाद बोथट होतो.

दुसरे कारण झीज हे होय. पडद्यांवर वारंवार दाबली गेल्याने तारेच्या खालच्या बाजूस बारीक खाचा पडतात. नवशिके विद्यार्थी बहुधा पहिल्या तीन-चार पडद्यांवरच कॉर्ड वाजवत असल्याने तेथील खाचा सर्वाधिक खोल असतात. तिसरे कारण गंज. पोलादी तारेवर तो तपकिरी डागांच्या रूपाने दिसतो, तर तांब्याच्या मिश्रधातूंनी वेढलेल्या तारा काळवंडतात. गंजलेली तार खरखरीत होते, बोटांना अधिक त्रास देते आणि पडदेही लवकर झिजवते.

तारेचा प्रकार महत्त्वाचा

ॲकूस्टिक गिटारच्या जाड तारांवर सामान्यतः ब्राँझ अथवा फॉस्फर ब्राँझचे वेढे असतात, तर इलेक्ट्रिक गिटारवर निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे. यांपैकी साध्या ब्राँझच्या तारांची चमक सर्वांत लवकर ओसरते. तारांवर अतिशय पातळ संरक्षक थर असलेले संच १९९० च्या दशकात बाजारात आले. ते महाग असले तरी साध्या तारांपेक्षा बरेच अधिक काळ टिकतात. ज्यांच्या हाताला खूप घाम येतो, त्यांना हा खर्च परवडतो.

क्लासिकल गिटारवर नायलॉनच्या तारा असतात. पूर्वी त्या आतड्यापासून बनवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याच्या तारांची टंचाई निर्माण झाल्यानंतर, १९४० च्या दशकात, न्यूयॉर्कमधील कारागीर अल्बर्ट ऑगस्टिन यांनी विख्यात स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या सहकार्याने नायलॉनच्या तारा विकसित केल्या. नायलॉन गंजत नाही. मात्र त्यावरही खाचा पडतात आणि चांदीचा मुलामा दिलेल्या जाड तारा काळवंडतात. नियमित सराव असल्यास या तारा तीन ते सहा महिन्यांनी बदलणे इष्ट ठरते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. नायलॉनच्या संचाचा एकूण ताण सुमारे ४० किलोग्रॅम असतो, तर ॲकूस्टिक गिटारवरील पोलादी संचाचा सुमारे ७० किलोग्रॅम. हा जादा ताण सहन न होऊन घोडी उखडू शकते किंवा मान वाकू शकते.

भारतीय पद्धतीने, मांडीवर आडवी ठेवून वाजवल्या जाणाऱ्या गिटारचा हिशेब थोडा निराळा आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी ही गिटार शास्त्रीय संगीतात रुजवली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांची गिटार ऐकू येते. या पद्धतीत तारेवरून धातूची कांडी फिरवली जाते. तार पडद्यावर दाबली जात नाही. त्यामुळे खाचा पडत नाहीत, परंतु घाम, घर्षण व गंज यांपासून सुटका नसते. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेसारख्या वाद्यांतील तरफेच्या तारांना हात क्वचितच लागत असल्याने त्या तुलनेने अधिक टिकतात.

हवामानाचा परिणाम

मुंबई, गोवा, कोची, चेन्नई अशा सागरकिनाऱ्यावरील ठिकाणी दमट व खारी हवा तारांची शत्रू ठरते. पावसाळ्यात तर न वाजवता ठेवलेल्या गिटारच्या तारांवरही डाग पडतात. राजस्थानसारख्या कोरड्या प्रदेशात गंजाची भीती कमी असते. त्यामुळे एकाच दिवशी चढवलेल्या तारा जोधपूरमध्ये सुस्थितीत आणि पणजीत निकामी, असे होऊ शकते. गिटार पेटीत किंवा आवरणात ठेवावी. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असल्यास ती लाकडालाही मानवते.

ओळखावे कसे?

तारा बदलण्याची वेळ झाली किंवा नाही, हे घरच्या घरी तपासता येते. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोटाने केवळ हलका स्पर्श करून ती छेडावी. नंतर त्याच पडद्यावर तार दाबून छेडावी. दोन्ही वेळी एकच स्वर यावयास हवा. मोबाइलवरील ट्यूनरच्या साहाय्याने हा फरक स्पष्ट दिसतो. मात्र नव्या तारांवरही फरक कायम राहिला, तर दोष घोडीच्या जुळणीत असू शकतो; अशा वेळी वाद्य कारागिरास दाखवावे. याखेरीज तारेच्या खालून अलगद बोट फिरवल्यास खाचा व खरखर जाणवते. गिटार वारंवार बेसूर होणे, हेही एक लक्षण होय.

एखादी तार तुटल्यास काय करावे? संच नवा असेल तर तेवढीच बदलावी. संच जुना असल्यास सर्व सहा तारा बदलणे योग्य, अन्यथा एकटी नवी तार इतरांपेक्षा वेगळी व प्रखर ऐकू येते.

बदलताना घ्यावयाची काळजी

जुनी तार प्रथम पूर्ण सैल करावी आणि मगच कापावी. ताणलेली तार कापल्यास तिचे टोक डोळ्याला इजा करू शकते. नव्या तारा पूर्वीच्याच जाडीच्या असाव्यात. जाडी बदलल्यास मानेवरील ताण बदलतो. तार चढवल्यावर ती हलक्या हाताने ओढून पुन्हा सुरात लावावी, असे तीन-चार वेळा करावे. पोलादी तारा एक-दोन दिवसांत स्थिरावतात. नायलॉनच्या तारांना त्याहून अधिक, प्रसंगी आठवडाभर लागतो. परीक्षा किंवा कार्यक्रमाच्या दिवशीच नायलॉनच्या तारा बदलण्याचे म्हणूनच टाळावे. कापलेली टोके लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशी टाकावीत.

या नियमांना अपवादही आहेत. मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण संस्थेचे ख्यातनाम बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या बेसच्या तारा क्वचितच बदलत असत. त्यांना हवा असलेला घुमारेदार, मऊ नाद जुन्या तारांतूनच मिळत असे. परंतु तो जाणकाराने केलेला निवाडा होता. ज्याचा कान अद्याप तयार होत आहे, त्याच्यासमोर बेसूर तार ठेवणे म्हणजे चुकीच्या मापाने मोजावयास शिकवण्यासारखे होय.

वादनापूर्वी हात धुणे आणि वादनानंतर कोरड्या सुती कापडाने तारा वरून व खालून पुसणे, या दोन सवयींनी तारांचे आयुष्य निश्चितच वाढते. नव्या तारा चढवल्या की त्या दिवसाची तारीख एका चिठ्ठीवर लिहून गिटारच्या पेटीत ठेवावी. पुढच्या खेपेस अंदाज करावा लागत नाही.