राज्यसभेचे कामकाज आणि वेळेची मालकी

संसदेत एखादा कायदा का झाला नाही, असे विचारले की आपली दोन उत्तरे तयार असतात : बहुमत नव्हते, किंवा नियत नव्हती. ही उत्तरे पुष्कळदा खरी असतात, पण अपुरी असतात. बहुमत असूनही विधेयके मरतात. त्यांच्या विरोधात कोणी मत देऊन त्यांना पाडत नाही. त्यांच्या वाट्याला दिवस येत नाही, तास येत नाही आणि मुदत संपली की ती कागदोपत्री संपतात. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आमच्या विद्यार्थ्यांना राज्यघटनेची कलमे पाठ असतात. परंतु सभागृहात आज कोणता विषय पहिला आणि कोणता शेवटचा हे कोण ठरवते, ते क्रमिक पुस्तकात नसते. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या 'थांबा' हा एकच हुकूम ऐकला, त्या समाजाच्या कार्यकर्त्यांना तरी हे माहीत असले पाहिजे.

विषयपत्रिकेची ताकद आपल्याला अपरिचित नाही. आमच्या गावच्या ग्रामसभेत वस्तीच्या पाण्याचा आणि स्मशानाच्या वाटेचा विषय नेहमी शेवटून दुसरा असे. शेवटचा असे 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तिथवर पोचेपर्यंत दिवेलागण होई, माणसे उठून जात आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला जाई. पाण्याला विरोध असा कोणीच केला नाही! घरात पहिली पदवी घेतलेली मी पुढे राज्यसभेचे नियम वाचू लागले, तेव्हा ध्यानात आले की यंत्रणा अफाट आणि नियमबद्ध असली तरी मूळ प्रश्न तोच आहे. विषयांचा क्रम लावणारा हात कोणाचा?

राज्यसभेची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी झाली. आज तिची सदस्यसंख्या २४५ आहे. त्यांपैकी २३३ निवडून आलेले आणि १२ राष्ट्रपतिनियुक्त. महाराष्ट्राच्या वाट्याला १९ जागा आहेत. उपराष्ट्रपती हे पदसिद्ध सभापती. हे सभागृह विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. अधिवेशन राष्ट्रपती बोलावतात ते सरकारच्या सल्ल्याने. घटनेचे बंधन एवढेच, की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये. म्हणजे पहिली किल्ली सरकारच्याच कनवटीला आहे.

सरकारी कामकाजाचा क्रम सभापती हे सभागृह नेत्याशी विचारविनिमय करून ठरवतात आणि त्यानुसार महासचिव रोजची कामकाजपत्रिका काढतात. पत्रिकेत नसलेला विषय सभापतींच्या अनुमतीवाचून घेता येत नाही. अनुमती मिळाली, तर पुरवणी पत्रिका निघते. पुढच्या आठवड्यात कोणते सरकारी कामकाज येणार, याचे निवेदन सामान्यतः आठवड्याच्या अखेरीस केले जाते. कोणत्या विधेयकाला किती तास द्यावेत, याची शिफारस कामकाज सल्लागार समिती करते. सभापती आणि उपसभापती धरून तिचे ११ सदस्य असतात. विविध पक्षांचे नेते या समितीत बसतात आणि तासांची देवघेव तेथे होते. ती प्रेक्षक सज्जातून दिसत नाही. तिचा निकाल तेवढा सभागृहाला कळवला जातो.

मिळालेले तास पुढे पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जातात. हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. एखाद्या विधेयकाला तीन तास मिळाले, तर १८० मिनिटे आणि २४५ सदस्य. म्हणजे माणशी पाऊण मिनिटही नाही. चार सदस्यांच्या पक्षाला जेमतेम तीन मिनिटे मिळतात. एकट्यादुकट्या सदस्याचे पक्ष 'इतर' या सदरात जातात. एक व्यक्ती, एक मत हे तत्त्व आपण मिळवले. वेळेच्या बाबतीत मात्र मोठ्याचे मोठेपण आणखी मोठे होत जाते. म्हणूनच तीन मिनिटांत बोलायचे काय, याची तयारी लहान पक्षाच्या सदस्याला मोठ्या पक्षाच्या सदस्यापेक्षा अधिक करावी लागते.

दिवसाची आखणी साधारण अशी असते. सकाळी ११ वाजता बैठक सुरू होते. कागदपत्रे पटलावर ठेवली जातात आणि मग शून्य प्रहर येतो, ज्यात सदस्य तातडीचे विषय थोडक्यात मांडतात. दुपारी १२ ते १ प्रश्नोत्तरांचा तास. २०१४ पर्यंत हा तास सकाळी ११ वाजताच होई. गोंधळात तो वाया जाऊ लागल्याने त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून तो पुढे नेण्यात आला. भोजनोत्तर वेळ प्रामुख्याने विधेयकांचा. शुक्रवारी दुपारचे अडीच तास अशासकीय कामकाजाला, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांना आणि ठरावांना राखून ठेवलेले असतात. सरकारखेरीज इतरांच्या हक्काचा वेळ म्हणावा तो मुख्यतः एवढाच : प्रश्नांचा तास आणि शुक्रवारची दुपार. आणि हा हक्कही किती कच्चा आहे पाहा. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महामारीचे कारण देऊन प्रश्नोत्तरांचा तास आणि अशासकीय कामकाज ही दोन्ही पत्रिकेतून वगळण्यात आली.

वेळ नाकारणे म्हणजे काय असते, हे बाबासाहेबांच्या चरित्रातच पाहावे. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल हंगामी संसदेपुढे आले. राज्यसभा तेव्हा जन्मायची होती. सभागृह एकच होते. चार कलमे संमत झाली आणि वेळ अपुरा आहे या सबबीवर विधेयक बाजूला सारले गेले. ते मतदानात हरले नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ११ ऑक्टोबर रोजी ते सभागृहात निवेदन करणार होते. उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आगाऊ मागितली आणि वेळ सायंकाळी सहाची दिली. बाबासाहेब सभात्याग करून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे गेले. घटनेच्या शिल्पकाराला आपल्या राजीनाम्याचे कारण सांगायलाही पत्रिकेतल्या जागेसाठी झगडावे लागले. पुढे १९५२ साली ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि महापरिनिर्वाणापर्यंत तेथे सदस्य होते. कोडाचा एक तुकडा असलेले हिंदू विवाह विधेयक याच राज्यसभेत मांडले गेले आणि १९५५ साली त्याचा कायदा झाला.

विधेयक आधी कोठे मांडावे, हाही वेळेचाच डाव आहे. घटनेच्या कलम १०७ प्रमाणे राज्यसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने संमत न केलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी व्यपगत होत नाही. मात्र तेच विधेयक राज्यसभेने संमत करून लोकसभेकडे धाडले आणि तेथे अडकले, तर लोकसभेबरोबर तेही संपते. पदोन्नतीतील आरक्षणाच्या विधेयकाचे नेमके हेच झाले.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील पदोन्नतीतील आरक्षण रद्द ठरवले. त्यावर उपाय म्हणून ११७ वे घटनादुरुस्ती विधेयक आले. ते राज्यसभेत मांडले गेले ५ सप्टेंबर २०१२ रोजी. तेव्हा कोळसा खाणींच्या वाटपावरून संसद आठवडाभराहून अधिक काळ ठप्प होती आणि अधिवेशन ७ सप्टेंबरला संपायचे होते. दोन दिवसांत, तेही अशा गदारोळात, घटनादुरुस्ती होत नसते. हिवाळी अधिवेशनात १७ डिसेंबर रोजी राज्यसभेने ते २०६ विरुद्ध १० मतांनी संमत केले. बहुमत नव्हते असे आता कोण म्हणेल? पण अधिवेशन २० डिसेंबरला आटोपले. लोकसभेत गोंधळ झाला, विधेयक राहिले, पुढेही राहत गेले आणि २०१४ साली पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय रद्द केला, तेव्हा त्या न झालेल्या दुरुस्तीची किंमत आपल्याकडच्या कर्मचाऱ्यांना कळली.

याच्या शेजारी दुसरे विधेयक ठेवून पाहू. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आरक्षण देणारे, अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांना त्यातून वगळणारे १२४ वे घटनादुरुस्ती विधेयक. मंत्रिमंडळाची मंजुरी ७ जानेवारी २०१९. लोकसभेत मांडणी आणि संमती ८ जानेवारी. राज्यसभेचे अधिवेशन त्याच दिवशी संपायचे होते. ते एका दिवसाने वाढवण्यात आले. ९ जानेवारीला प्रवर समितीकडे पाठवण्याची मागणी फेटाळून राज्यसभेने विधेयक १६५ विरुद्ध ७ मतांनी संमत केले. १२ जानेवारीला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली.

दोन्ही घटनादुरुस्त्याच, दोन्हींचा विषय आरक्षण, दोन्हींना राज्यसभेत प्रचंड बहुमत. एकीला दीड वर्षाहून अधिक काळात लोकसभेचा निर्णायक दिवस मिळाला नाही. दुसरीसाठी राज्यसभेच्या दिनदर्शिकेत जादा दिवस निर्माण केला गेला. दोन सरकारे वेगळी होती, त्यांचे लोकसभेतील बळ वेगळे होते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही एक निष्कर्ष टळत नाही. 'वेळ नाही' हे वाक्य घड्याळाचे नसते. ते इच्छेचे असते.

मग आपण हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. पत्रिका बाहेरूनही हलवता येते. २० मार्च २०१८ च्या निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायदा सैल झाला; २ एप्रिलला देश बंद पडला; पावसाळी अधिवेशनात दुरुस्ती विधेयक पत्रिकेवर आले आणि ९ ऑगस्टला राज्यसभेने ते संमत केले. शुक्रवारच्या दुपारीही काही घडते. २४ एप्रिल २०१५ रोजी तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे अशासकीय विधेयक राज्यसभेने संमत केले. लोकसभेत त्याचा कायदा झाला नाही, परंतु सरकारला या विषयापासून पुढे तोंड फिरवता आले नाही.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदने घेऊन दिल्लीला जाण्यात उशीर झालेला असतो. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्नांचा क्रम सोडतीने लागतो. तेव्हा माहिती, आकडे आणि प्रश्नाचा मसुदा महिनाभर आधी सदस्याच्या हाती पडला पाहिजे, आणि तो एकाच्या नव्हे तर अनेकांच्या. महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत. त्यांच्यापैकी कोणी कोणत्या शुक्रवारी काय मांडले, याची नोंद आपल्या संघटनेच्या वहीत असावी. आठवड्याच्या कामकाजाचे निवेदन वाचावे. आपले विधेयक त्यात आहे का, कितव्या क्रमांकावर आहे, त्याला किती तास दिले आहेत, हे विचारावे. आणि ते अधिवेशनाच्या अखेरच्या दोन दिवसांत ठेवले असेल, तर आनंदाचे पत्रक काढण्याची घाई करू नये.

ठराव संमत करून घेणे आपण शिकलो. आता त्याला वेळ मागणे शिकले पाहिजे, आणि तो तारखेनिशी मागितला पाहिजे.