चार पट्ट्यांची चाल

लग्नसराईत अल्बमच्या फायली उघडताना फोटोशॉप धापा टाकायला लागलं, म्हणून आठ-आठ जीबीच्या दोन जुन्या रॅमशेजारी तेवढ्याच दोन नव्या पट्ट्या बसवल्या. सोळाचे बत्तीस झाले. मशीन तीनदा आपोआप बंद-चालू झालं, मग विंडोज आलं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग २१३३. आदल्या दिवसापर्यंत तो ३२०० होता, आणि नव्या पट्ट्यांच्या खोक्यावरही ३२००च छापलेलं.

सिंदी मेघेत मे महिन्याच्या दुपारी कॅबिनेट उघडून बसणं माझ्याच्यानं होत नाही. वर्ध्याचा पारा ४५च्या आसपास, आणि कूलर लावावा तर ओला वारा थेट मदरबोर्डवर. रात्री जेवणं उरकल्यावर कूलरचं तोंड फिरवलं आणि ओळखीतल्या दुरुस्तीवाल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "काका, आधी खोडरबर मारा न, मंग बोलू."

खोडरबर हे आपल्याकडचं रामबाण औषध. पट्टीचे सोनेरी दात हलक्या हातानं पुसले, चुरा ब्रशनं झटकला. वेग तोच. नव्याकोऱ्या दातांवर मळ येणार तरी कुठून!

बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय, चालू केलं. पडदा काळा, पंखे तेवढे फिरताहेत. मागची वायर काढली, बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटं थांबलो, तेव्हा मशीन शुद्धीवर आलं.

मग घाई सोडली. नुसती जुनी जोडी लावून एक्सएमपी चालू केलं: ३२००. नुसती नवी: ३२००. खराब कुणीच नव्हतं, भांडण एकत्र आल्यावरचं. भिंगातून लेबलं वाचली. जुन्यावर सीएल १६, नव्यावर सीएल २२. म्हणजे मागितलेली माहिती द्यायला जुनी पट्टी घड्याळाचे १६ ठोके घेते, नवी २२. ३२००च्या वेगाला हे झाले १० नॅनोसेकंद आणि पावणेचौदा. शिवाय जुनीचा ३२०० एक्सएमपीच्या जोरावरचा, एरवी ती २१३३लाच उठते. नवीचा मात्र उपजत. चौघी एकत्र आल्या की बोर्ड सगळ्यांना झेपेल तो वेग धरतो, म्हणून २१३३. आणि एक्सएमपी लावलं की जुनीची १६ची लय नवीवरही लादली जाते. ती तिला झेपत नाही.

त्यात प्रोसेसर राइझन ५ ३६००. एएमडीच्याच तक्त्यात याला दोन पट्ट्यांवर ३२०० आहे. एकेरी रँकच्या, म्हणजे चिपांचा एकच गट असलेल्या, चार असतील तर २९३३, दुहेरी रँकच्या असतील तर २६६७. रॅमच्या खोक्यावर हे कोण छापणार?

हातानं २९३३ आणि सीएल २२ भरलं. मशीन उठलं. सीपीयू-झेडमध्ये १४६६ दिसल्यावर छातीत धस्स झालं, पण डीडीआरमध्ये दर ठोक्याला माहिती दोनदा जाते. तो आकडा दुप्पट करून वाचायचा. रात्रभर मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी चुका शून्य.

३२०० गेले याची मला खंत नाही. चाळीस पानी अल्बम आता न अडखळता उघडतो, आणि फोटोशॉपला हवी होती ती जागाच. तुम्ही रॅम वाढवणार असाल तर जुनी पट्टी काढून तिच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, आणि दुकानात नुसते जीबी सांगू नका, सीएलही विचारा.