यंत्र निघाले रुग्णाच्या घरी

सायरन वाजवत जाणारी रुग्णवाहिका तुम्ही अनेकदा पाहिली असेल. ती दिसली, की रस्त्यावरची वाहने बाजूला होतात. निदान व्हायला हवीत! या गाडीचे काम कोणते, असे कोणी विचारले तर तुम्ही म्हणाल, ‘रुग्णाला लवकर दवाखान्यात पोहोचवणे.’ साठ वर्षांपूर्वी बहुतेक शहरांत हे उत्तर अगदी बरोबर ठरले असते. तेव्हा गाडीत एक स्ट्रेचर असे. कधी प्राणवायूचे नळकांडे असे. खरा इलाज दवाखान्यात गेल्यावरच सुरू होई. पण काही रुग्णांजवळ तेवढा वेळ नसतो.

आपले हृदय एका ठेक्यात आकुंचन पावते आणि रक्त पुढे ढकलते. हृदयविकाराच्या झटक्यात कधी कधी हा ठेका एकाएकी बिघडतो. मग हृदय वाऱ्यावरच्या पानासारखे नुसते थरथरते. ते हलत असते, पण रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांतच माणूस बेशुद्ध पडतो. अशा वेळी छातीवर धातूच्या दोन चकत्या दाबून विजेचा जोरदार झटका देतात. त्याने ती थरथर थांबते आणि हृदयाला आपला ठेका पुन्हा धरता येतो. या यंत्राचे नाव डिफिब्रिलेटर. मात्र झटका द्यायला जितका उशीर, तितकी आशा कमी. काहीच मदत मिळाली नाही, तर रुग्ण वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. दहा मिनिटांनी काय उरेल, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात, रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात, फ्रँक पँट्रिज नावाचे डॉक्टर होते. माणूस मोठा जिद्दी. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या कैदेत हाल सोसून ते परतले होते. हृदयविकाराचे कितीतरी रुग्ण दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. मग यंत्र दवाखान्यात ठेवून काय उपयोग? त्यांनी ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालेल असे करून घेतले आणि रुग्णवाहिकेत ठेवले. त्याचे वजन सुमारे ७० किलो होते, म्हणजे एका धडधाकट माणसाएवढे! जानेवारी १९६६ मध्ये ही सेवा सुरू झाली. गाडीबरोबर डॉक्टर आणि नर्स जात. पहिल्या पंधरा महिन्यांत त्यांनी ३१२ रुग्ण आणले आणि वाटेत एकही दगावला नाही. तरी पुष्कळ डॉक्टरांना ही कल्पना पटली नव्हती. पँट्रिज यांनी तिकडे लक्ष न देता यंत्र हलके करण्याचा ध्यास घेतला. अवकाशयानांसाठी तयार झालेला, वीज साठवणारा एक छोटा भाग त्यांनी वापरला. १९६८ पर्यंत यंत्राचे वजन सुमारे ३ किलोवर आले.

पण प्रत्येक गाडीसाठी डॉक्टर कोठून आणायचे? हा प्रश्न अमेरिकेतील शहरांना पडला. तेथे आग विझवणाऱ्या जवानांची ठाणी प्रत्येक भागात होती. ते काही मिनिटांत कोठेही पोहोचत. त्यांनाच हे काम शिकवले तर? मात्र डॉक्टर नसलेल्या माणसाने असा इलाज करावा, हे अनेकांना मान्य नव्हते. त्यावर मायामी शहरातील डॉ. यूजीन नेगल यांनी १९६७ मध्ये एक तोड काढली. रुग्णाच्या हृदयाचा आलेख रेडिओवरून दवाखान्यात पाठवायचा. तेथे डॉक्टर तो पाहून हुकूम देणार आणि जवान तो पाळणार. १९७० मध्ये सिॲटल शहरातही डॉ. लेनर्ड कॉब यांनी जवानांना शिकवून अशी सेवा सुरू केली. अशा शिकवून तयार केलेल्या कर्मचाऱ्यांना पॅरामेडिक म्हणतात.

त्यांचे काम दवाखान्यातल्यापेक्षा वेगळे असते. दवाखान्यात उजेड असतो, पलंग असतो, मदतीला चार माणसे असतात. घरी रुग्ण खाट आणि कपाट यांच्यामध्ये पडलेला असतो. जिना अरुंद असतो. छाती घामाने ओली असेल, तर आधी ती पुसावी लागते. झटका देण्यापूर्वी ‘सगळे दूर व्हा!’ असे ओरडून सांगावे लागते, कारण रुग्णाला हात लावणाऱ्यालाही विजेचा धक्का बसू शकतो. शिवाय बॅटरी भरलेली आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहायचे असते. यंत्र चांगले की वाईट, हे खरे तर अशाच ठिकाणी ठरते.

पुढे स्वतः आलेख तपासणारी आणि काय करायचे ते बोलून सांगणारी यंत्रे आली. ती साध्या माणसालाही वापरता येतात. छाती दाबणारे यंत्रही निघाले. हाताने छाती दाबता दाबता माणूस थकतो, यंत्र थकत नाही. त्यामुळे जास्त रुग्ण वाचतील, असे वाटणे साहजिक होते. ब्रिटनमध्ये ४,४७१ रुग्णांवर त्याची पाहणी झाली. २०१५ साली निकाल आला. हातांपेक्षा यंत्राने जास्त रुग्ण वाचवले नव्हते! धावत्या गाडीत उभे राहून छाती दाबणे धोक्याचे असते. तेथे त्याचा उपयोग होतो, एवढे खरे.

आपल्या महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या अधिक सुसज्ज होत्या. आपल्याकडे गाडीबरोबर डॉक्टर देण्याची पद्धत ठेवली गेली. म्हणजे आपण बेलफास्टच्या वाटेने गेलो.

गाडी येईपर्यंतची मिनिटे मात्र जवळच्या माणसांच्या हाती असतात. माणूस बेशुद्ध असेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करावा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे. त्यामुळे मेंदूला थोडे तरी रक्त मिळत राहते. गाडी आली, तरी हे दाबणे लगेच थांबवायचे नसते. कर्मचारी यंत्राच्या चिकट पट्ट्या छातीवर लावत असतात, तेव्हाही ते चालूच ठेवतात.