प्रणालीतील लायब्ररींचा वापर

सॉफ्टवेअरची बांधणी करताना त्यास लागणारी लायब्ररी मूळ संहितेसोबत आलेल्या प्रतीतून न घेता, संगणकाच्या कार्यप्रणालीवर आधीच बसवलेली लायब्ररी वापरण्याची ही पद्धत होय. सोबत आलेल्या प्रतीस अंतर्भूत प्रत म्हणतात. लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे, तर अनेक प्रोग्रॅमांना उपयोगी पडणाऱ्या तयार आज्ञावलींचा संच. डेबियन, फेडोरा इत्यादी लिनक्स वितरणांत ही पद्धत विशेष रूढ आहे.

झेडलिब हे तिचे ठळक उदाहरण. जाँ-लू गायी व मार्क अ‍ॅडलर यांनी लिहिलेली ही विदा-संक्षेपणाची लायब्ररी १९९५ साली प्रसिद्ध झाली. लहान आणि मुक्त परवान्याची असल्याने असंख्य प्रकल्पांनी तिची संहिता आपल्या संहितेतच उतरवून घेतली. मार्च २००२ मध्ये, एकदा मुक्त केलेली स्मृती ती पुन्हा मुक्त करते, असा सुरक्षादोष उघड झाला व १.१.४ ही आवृत्ती निघाली. जे प्रोग्रॅम प्रणालीतील सामायिक झेडलिब वापरत होते, त्यांच्यासाठी एक पॅकेज बदलून ते प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणे पुरेसे होते. अंतर्भूत प्रती मात्र एकेक शोधून ते प्रोग्रॅम नव्याने बांधावे लागले. शुद्धिपत्रक प्रकाशकाकडे निघते, पण घरोघरीच्या जुन्या प्रतींत चूक तशीच राहते, त्यातलाच हा प्रकार. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्र-लायब्ररीतील दोषाच्या वेळीही हेच घडले. क्रोम, फायरफॉक्स आणि इलेक्ट्रॉनवर आधारलेले अनेक अनुप्रयोग स्वतंत्रपणे अद्ययावत करावे लागले.

निवड सहसा बांधणीपूर्व जुळणीच्या वेळी होते. जीसीसी या संकलकासोबत झेडलिबची प्रत येते. ‘विथ-सिस्टिम-झेडलिब’ हा पर्याय दिल्यास तो प्रणालीतील प्रत घेतो. नजरचुकीने अंतर्भूत प्रत वापरली जाऊ नये म्हणून काही पॅकेजकर्ते बांधणीपूर्वी तिची निर्देशिकाच काढून टाकतात.

अंतर्भूत प्रतींचा आग्रह धरणाऱ्यांची बाजूही निराधार नाही. प्रणालीतील आवृत्ती जुनी असू शकते, किंवा प्रकल्पाने आपल्या प्रतीत आवश्यक फेरफार केलेले असतात. एसक्यूलाइटचे कर्ते तर आपली संहिता थेट प्रोग्रॅममध्ये समाविष्ट करण्याचीच शिफारस करतात. शिवाय सामायिक लायब्ररीत नवा दोष शिरल्यास तो एकाच वेळी सर्वांना बाधतो.

डेबियनचे धोरण अंतर्भूत प्रती टाळण्यास सांगते. त्या तशाच वापरासाठी लिहिलेल्या असल्यास अपवाद केला जातो. फेडोराने आपला कडक नियम २०१५ साली शिथिल केला, परंतु अशी प्रत असल्यास पॅकेजात तिची नोंद करणे आवश्यक ठेवले. त्यामुळे दोष आढळल्यावर बाधित पॅकेजे त्या नोंदीवरून शोधता येतात.