कळलावीचा कंद आणि सांधेदुखीची गोळी

पावसाळा सुरू झाला म्हणजे कुंपणाच्या कडेने कळलावीचा वेल वर चढू लागतो व पुढे लाल-पिवळ्या फुलांनी शोभून दिसतो. त्याचा कंद नांगराच्या आकाराचा असल्यामुळे संस्कृतात त्यास लांगली म्हणतात. तमिळनाडूत औषधी बियांसाठी त्याची लागवड होते. दिसावयास सुंदर असलेला हा वेल अत्यंत विषारी आहे.

कळलावीच्या कंदात व बियांत कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. वातरक्त, म्हणजे गाउट, या विकारात युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचून बहुधा पायाचा अंगठा एकाएकी सुजतो. ही सूज कोल्चिसीनच्या गोळीने उतरते. मात्र औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदाच्या तुकड्यात विष किती, हे पाहून कळत नाही.

विषबाधेची लक्षणे : पहिल्या २४ तासांत मळमळ, उलट्या व जुलाब होतात. ही साधी पटकी किंवा अपचन समजून पुष्कळ वेळ वाया जातो. पुढील काही दिवसांत मूत्रपिंड, हृदय व अस्थिमज्जा यांवर आघात होऊन मृत्यू ओढवू शकतो. वाचलेल्या रोग्यांचे केस गळतात.

अन्य औषधांचा संयोग : कोल्चिसीन शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंड करतात. गजकर्णावरील इट्राकोनॅझोल, जंतुनाशक क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबावरील व्हेरापामिल ही औषधे त्या कार्यात अडथळा आणतात. मग नेहमीची मात्राही विषासारखी ठरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांस धोका अधिक.

घ्यावयाची काळजी :

१. कळलावीचे बेणे रताळी, कणग्या यांजपासून दूर, चिठ्ठी लावून कुलपात ठेवावे.

२. सांधेदुखीवर अथवा प्रसूतीच्या कळा येण्यासाठी कंद घरी देऊ नये.

३. ठणका थांबला नाही म्हणून गोळ्या वाढवू नयेत. चालू असलेली सर्व औषधे, झाडपाल्याचीसुद्धा, डॉक्टरांस सांगावीत.

४. या विषावर सहज मिळणारा उतारा नाही. कंद पोटात गेल्याचा संशय येताच, लक्षणांची वाट न पाहता, रोग्यास रुग्णालयात न्यावे व उरलेला कंद किंवा गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.