शाहिराचा लाल बावटा

अण्णा भाऊ साठे यांची जयंती परभणी जिल्ह्यात गावोगाव साजरी होते. 'साहित्यरत्न' म्हणून जयघोष होतो. गिरणी कामगार म्हणून त्यांचे नाव क्वचितच निघते. वर्गात 'फकिरा' शिकवताना ही उणीव मला बोचते.

वाटेगावाहून मुंबईला आलेले अण्णा भाऊ गिरणीत राबले, लाल बावट्याच्या युनियनमध्ये घडले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा साचा त्यांनी ठेवला; पण गणातल्या गणेशस्तवनाच्या जागी मातृभूमी आणि श्रमिक यांना वंदन आणले, गवळण वगळली. ज्या फडावर महार-मांगांची कला इतरांची करमणूक करीत होती, तोच फड कामगारांची बाजू मांडू लागला.

मात्र गिरणीतही जात होतीच. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून जादा मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले.

या दोन्ही धारा अण्णा भाऊंच्या ठायी मिळतात. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन या लाल बावट्याच्या शाहिराने केले, आणि 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

मोंढ्यात पोती वाहणाऱ्या हमालाच्या मुलाला आपला बाप या इतिहासात दिसला पाहिजे. अण्णा भाऊ केवळ जातीपुरते वाटून घेतले, तर तो बाप इतिहासाबाहेरच राहील.