दोन पार्कचं एक तिकीट : घ्यावं की नको?

सुट्टी जवळ आली की बचत गटाच्या बैठकीत एक विषय निघतोच, यंदा पोरांना कुठं न्यायचं? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. देवदर्शन, मामाचं गाव, नाहीतर जत्रा. आता मुलं मोबाईलवर मोठमोठे पाळणे बघतात आणि थेट नाव घेऊन सांगतात, आम्हाला इमॅजिकाला जायचंय. मग कुणीतरी चौकशी करतं आणि समोर दर येतात : थीम पार्कचं वेगळं तिकीट, वॉटर पार्कचं वेगळं आणि दोन्हींचं मिळून एक कॉम्बो. कॉम्बोपुढं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, इतक्या रुपयांची बचत. आज बोलायचं आहे ते याच जोडतिकिटाबद्दल.

आधी ही तिकिटं अशी का असतात ते बघू. जत्रेत आपण पाळण्यागणिक पैसे देतो. आकाशपाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. पैसे संपले की आई म्हणते, चला आता घरी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ साली सुरू झालं, तेव्हा तिथंही सुरुवातीला अशीच पद्धत होती. कुपनांचं पुस्तक मिळायचं, साध्या खेळाला एक कुपन आणि भारी खेळाला दुसरं. १९८२ साली त्यांनी ही पुस्तकं बंद केली आणि फाटकावर एकदाच पैसे घेऊन आत सगळं मोकळं ठेवलं. आपल्याकडची मोठी पार्कही याच पद्धतीनं चालतात. म्हणजे फाटकातून आत गेल्यावर तुम्ही दोन खेळ खेळा नाहीतर वीस, पैसे तेवढेच. जत्रेत तुम्ही पाळणा विकत घेता, पार्कमध्ये वेळ विकत घेता. जोडतिकिटाचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

आता खोपोलीचंच उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होते. खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिकाचं थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. दुसऱ्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं, पुढं बर्फाचं स्नो पार्क. एकाच आवारात जवळजवळ असल्यामुळे वाटतं, एवढ्या लांब आलोच आहोत तर दोन्ही करून टाकू. हे वाटणं साहजिक आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा.

मी हिशोबासाठी आकडे धरते. खरे दर दिवसागणिक बदलतात, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत चढतात, म्हणून ते त्या त्या वेळी विचारून घ्या. समजा थीम पार्क १२०० रुपये, वॉटर पार्क १००० रुपये आणि दोन्ही मिळून १८०० रुपये. जाहिरात म्हणते, माणशी ४०० रुपये वाचले. पाच माणसांचं घर धरलं तर २००० वाचले. पण तुम्ही एकच पार्क बघणार होता ना? मग ६००० खर्च होणार होते, ते ९००० झाले. खिशातून ३००० जास्त गेले. साडीच्या दुकानात दोनावर एक फुकट असतं तेव्हा आपण बरोबर ओळखतो, की तिसरी साडी आपल्याला नकोच होती. इथं तीच नजर लावायची.

मग त्या जादा ३००० रुपयांत काय मिळालं? वेळ मोजा. सकाळी अकराला आत गेलात आणि सातला बाहेर आलात, तर हातात आठ तास. एकच पार्क असेल तर जेवणाचा एक तास वजा करून सात तास उरतात. सुट्टीच्या गर्दीत एका मोठ्या खेळाला रांगेसकट पाऊण तास धरा, नऊ खेळ झाले. आता दोन पार्क घ्या. जेवण एक तास. कपडे बदलणं, लॉकर, अंघोळ, केस कोरडे करणं आणि हरवलेली चप्पल शोधणं, याला एक तास कमीच पडतो. एका पार्कातून दुसऱ्यात जायला आणि परत तिकीट दाखवून आत शिरायला अर्धा तास. उरले साडेपाच तास, म्हणजे प्रत्येक पार्कला पावणेतीन. थीम पार्कात नऊ खेळ होणार होते, ते तीन-चारावर आले. मूल ज्या रोलर कोस्टरसाठी हट्ट करत होतं, त्याची रांग तासाभराची निघाली तर बाकीचं विसरा.

हे झालं आठ तास हातात असणाऱ्यांचं. साताऱ्याकडून किंवा नगरकडून पहाटे निघून रात्री परत येणाऱ्या घराचं काय? पुण्यापासूनच खोपोली ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्या तुंबल्या की दुपारचे बारा सहज वाजतात. त्यातून बहुतेक ठिकाणी वॉटर पार्क थीम पार्कच्या आधी बंद होतं. माझं मत विचाराल तर एका दिवसात जाऊन येणाऱ्यांनी एकच पार्क घ्यावं आणि ते मनसोक्त बघावं. जोडतिकीट शोभतं ते जवळ मुक्काम करणाऱ्याला. मात्र तिथं एक प्रश्न आधीच विचारा : दोन्ही पार्क एकाच दिवशी बघावी लागतात, की दुसऱ्या दिवशीही चालतं? फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये चार थीम पार्क आहेत. तिथलं साधं तिकीट दिवसाला एका पार्कचं असतं आणि एकाच दिवसात या पार्कातून त्या पार्कात फिरायचं असेल तर वरचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे तिथं एका दिवसात दोन बघणं ही महाग चैन समजली जाते. आपल्याकडे तेच स्वस्ताई म्हणून विकतात, गंमत आहे. दुसऱ्या दिवशी चालत असेल तर मुक्कामाचा आणि दोन वेळच्या जेवणाचा खर्चही कॉम्बोच्या शेजारी लिहा. तो धरल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

आता खास आपल्या बायकांची गोष्ट, आणि ही कुठल्याच जाहिरातीत नसते. वॉटर पार्कचं तिकीट बाईच्या नावानं काढलं जातं, पण पाण्यात उतरता येतं का? साडी नेसून, सुती ड्रेस घालून किंवा ओढणी घेऊन पाण्यात सोडत नाहीत. नायलॉनचे किंवा पोहण्याचे कपडे लागतात. यामागं कारण आहे. सुती कापडाचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात, ओलं कापड जड होतं, आणि घसरगुंडीवर पदर किंवा ओढणी अडकली तर जिवावर बेतू शकतं. काचेच्या बांगड्या फुटल्या तर पाण्यात सगळे अनवाणी असतात. नियम रास्तच आहे. पण तो तिकीट काढल्यावर कळला, की पुरुष आणि पोरं पाण्यात जातात आणि बाई पिशव्या राखत कडेला बसते. पाण्याचं तिकीट काढून कोरडी बसलेली बाई मी पाहिली आहे, एक नाही, रांगेनं.

म्हणून घरी आधी मोकळेपणानं बोला. अंगभर असलेले, पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ पोहण्याचे कपडे मिळतात. जवळच्या शहरात विकत मिळतात, पार्कात भाड्यानंही मिळतात, त्याला भाडं आणि वर अनामत लागते. ते घालायची तयारी असेल तर जरूर जा, पाण्यात खेळायला वय लागत नाही. इच्छाच नसेल तर स्वतःसाठी पाण्याचं तिकीट काढू नका. पाळीची तारीखही बघून घ्या. तिकिटावर दिवस ठरलेला असतो आणि तो बदलून मिळेलच असं नाही. आपण हे नवऱ्याला सांगायला लाजतो आणि पैसे वाया घालवतो. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं घरीच ठेवा किंवा लॉकरमध्ये. घसरगुंडीच्या पाण्यात पडलेला दागिना शोधत बसायला कुणाला वेळ नसतो.

सगळ्या घरानं एकच तिकीट घ्यायचं, असाही कुठं नियम नाही. लहान मुलांचं तिकीट बहुतेक पार्कांत वयावर नाही, उंचीवर ठरतं. घरातून निघताना मूल भिंतीला टेकवून उंची मोजा. मोठे खेळ साधारण १२० ते १४० सेंटिमीटर उंचीच्या खाली बसू देत नाहीत, खेळागणिक आकडा वेगळा. पाच वर्षांचं मूल असेल तर रोलर कोस्टर त्याच्यासाठी नाहीच, ते रांगेबाहेर रडत बसणार आणि त्याच्याजवळ कुणीतरी थांबणार. गरोदर बाई, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेलं माणूस, पाठीचं दुखणं असलेलं माणूस, यांनाही जोराच्या खेळांत घेत नाहीत. सासूबाईंचं वय सत्तर, गुडघे दुखतात, तर त्यांच्यासाठी १८०० रुपयांचं कॉम्बो कशाला?

इथं शिर्डीचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथं साईतीर्थ नावाचं भक्तीवर आधारलेलं पार्क आहे, बसून बघायचे कार्यक्रम जास्त, आणि त्याच परिसरात वेट एन जॉय वॉटर पार्कही आहे. घरातली मोठी माणसं दर्शन घेऊन साईतीर्थ बघतील, पोरं आणि त्यांचे आई-वडील पाण्यात जातील, संध्याकाळी सगळे एकत्र. दोघांची दोन वेगळी तिकिटं, कुणाचाच पैसा बसून गेला नाही. अशा ठिकाणी मात्र मुक्काम असेल आणि सगळ्यांनाच दोन्हीची हौस असेल, तर जोडतिकीट मला पटतं. दर्शनासाठी तसंही राहणार असता, वेगळा प्रवास करावा लागत नाही.

ऋतूचाही विचार हवा. खोपोलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस झोडपतो, विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे खेळ थांबवतात आणि त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. मे महिन्यात उलट, दुपारी एक ते चार उघड्यावर रांगेत उभं राहणं मुलांना सोसत नाही, तेव्हा एकच निवडायचं तर वॉटर पार्क निवडा.

पैसे आणायचे कुठून? गटातून कर्ज काढून सहल करावी का, असं विचारतात. महिना दोन टक्के व्याजानं १०,००० रुपये घेतले आणि दर महिन्याला १००० मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांत ११०० रुपये व्याज जातं. म्हणजे एका माणसाचं तिकीट व्याजातच गेलं. तेच १००० रुपये दहा महिने आधीपासून वेगळे ठेवले तर ते ११०० जेवणाला होतात. गटातल्या काहीजणी मिळून सहलीची भिशी लावतात, ती पद्धत मला आवडते. बारा-पंधरा घरं एकत्र जाणार असाल तर गाडी भाडं वाटून घेता येतं. मोठ्या गटाला बरीच पार्क सवलतही देतात. मात्र ती मागावी लागते, फोन करून आणि आठवड्यातला मधला दिवस धरून. मधल्या दिवशी रांगा कमी, दरही बहुधा कमी.

फोन कराल तेव्हा एवढं विचारा : सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का, तिकिटात जेवण आहे की वेगळं, बाहेरचा डबा आत नेऊ देतात का, लॉकरची अनामत किती, तारीख बदलता येते का, आणि कॉम्बो तिथं गेल्यावर फाटकावर मिळतं का. फाटकावर मिळत असेल तर घाईनं आधी काढू नका. दुपारी तीन वाजता मुलांचा दम बघा आणि मग दुसऱ्या पार्कचं ठरवा. बहुतेक वेळा ती स्वतःच म्हणतात, आई, बसू या.

तिकीट ऑनलाईन काढायचं तर पार्कच्या स्वतःच्या साइटवरूनच. व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या दरात पास म्हणून येणाऱ्या लिंकवर पैसे भरू नका. परतावा देतो म्हणून कुणी कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही. तिकिटाची छापील प्रत, घरातल्या मोठ्यांचं आधार कार्ड आणि प्रत्येक लहान मुलाच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी, एवढं निघायच्या आदल्या रात्रीच एका पिशवीत भरून ठेवा. वॉटर पार्कला जाणार असाल तर चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळा.